आधी साखर तपासा, मग हट्ट म्हणा

सिडकोतले असो वा गारखेड्यातले, टाइप-१ मधुमेह आणि स्वमग्नता (ऑटिझम) दोन्ही असलेले मूल ज्या घरात आहे, तिथल्या आईसमोर रोज सकाळी दोन प्रश्न एकदम उभे राहतात. मीटरवर साखर किती आली? आणि आज पोरगं जेवणार का? इन्सुलिन चुकवून चालत नाही. वाटी बदलली किंवा भाजीचा वास वेगळा आला, तर मूल ताट ढकलून देते. इन्सुलिन टोचले आणि पोटात अन्न गेले नाही, तर साखर झपाट्याने उतरते.

यात कोणाचाही दोष नाही. टाइप-१ मधुमेहात शरीराची प्रतिकारशक्तीच स्वादुपिंडातील इन्सुलिन तयार करणाऱ्या पेशी नष्ट करते. तो गोड खाण्याने होत नाही. स्वमग्नता हे मेंदूच्या जडणघडणीतले वेगळेपण आहे. ती आईच्या दुर्लक्षाने येत नाही. काढा, झाडपाला किंवा अंगारा यांच्या भरवशावर इन्सुलिन बंद केले, तर मात्र काही दिवसांतच जिवावर बेतू शकते.

खरा धोका दोन आजार एकमेकांना झाकतात यात आहे. साखर ७०च्या खाली गेली की बोलणारे मूल 'चक्कर येते', 'भूक लागली' असे सांगते. ज्याला सांगता येत नाही, ते किंचाळते, हाताला चावते किंवा कोपऱ्यात गप्प बसते. घरचे म्हणतात हट्ट, शाळा म्हणते वर्तनसमस्या. साखर वाढल्यावरही तेच. वारंवार लघवी होते, अंथरूण ओले होते आणि सवय लागली नाही म्हणून मूल रागावणे खाते. पुढे उलट्या, पोटदुखी आणि जोरजोरात श्वास सुरू झाला, की एक तासही दवडू नये. म्हणून अशा मुलासाठी नियम एकच: वागणे अचानक बदलले, तर आधी साखर तपासा.

साखर कमी असेल आणि मूल शुद्धीवर असेल, तर डॉक्टरांनी ठरवून दिलेल्या प्रमाणात ग्लुकोज किंवा साखर द्यावी, १५ मिनिटांनी पुन्हा तपासावे. घाबरलेल्या क्षणी हे मूल नवी चव स्वीकारत नाही. त्यामुळे ग्लुकोजची पूड, सरबत की मध, काय चालते ते चांगल्या दिवशीच आजमावून ठेवावे. बेशुद्ध मुलाच्या तोंडात काहीही घालू नये, थेट रुग्णालय गाठावे.

ठरलेल्या क्रमाची ओढ ही या मुलांची ताकदही ठरते. रोज तीच खुर्ची, तीच वेळ, चित्रांच्या पट्टीवर तोच क्रम: हात धुणे, टोचणे, खाणे. अनेक मुले हळूहळू स्वतः बोट पुढे करतात. जेवणाचा भरवसा नसेल, तर जलद काम करणारे इन्सुलिन जेवणानंतर लगेच देता येईल का, हे डॉक्टरांना विचारावे. मनाने बदल करू नये.

घराबाहेर मात्र वाट दुभंगते. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यातील २१ प्रकारांत स्वमग्नता आहे, टाइप-१ मधुमेह नाही. छत्रपती संभाजीनगरात मधुमेही मुलांसाठी 'उडान' आणि स्वमग्न मुलांसाठी 'आरंभ' अशा संस्था काम करतात, हे शहराचे भाग्य. पण दोन्ही आजार एकाच अंगात असलेल्या मुलाची माहिती या दारातून त्या दारात नेते ती आईच. हे ओझे व्यवस्थेने उचलायला हवे. सरकारी रुग्णालयांत बालरोग, मधुमेह आणि वर्तन उपचार यांचे तज्ज्ञ महिन्यातून एकदा तरी या मुलांना एकत्र तपासू शकतात. त्यासाठी नवी इमारत लागत नाही, एक ठरलेला वार लागतो. राष्ट्रीय बालहक्क आयोगाने २०२३ मध्येच मधुमेही मुलांना शाळेत साखर तपासण्याची, इन्सुलिन घेण्याची आणि मधल्या वेळी खाण्याची मुभा द्यावी, असे राज्यांना कळवले आहे. त्यापुढे जाऊन अशा मुलाची लक्षणे आणि उपाय लिहिलेला एक कागद प्रत्येक वर्गशिक्षकाकडे असावा.

आणि घरात सुई टोचणारा दुसरा हात तयार व्हावा. बाबा, आजी, काका, कोणीही. रात्री दोन वाजता उठून साखर पाहणाऱ्या आईला कौतुकापेक्षा एका रात्रीची झोप जास्त मोलाची असते.