धरणाचे अंतरंग दिसते, घराचे का नाही?

११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेच्या खोऱ्यात भूकंप झाला आणि पावणेदोनशेच्या वर माणसे प्राणास मुकली. मातीत रचलेल्या दगडी भिंती बाहेरून भक्कम दिसत. परंतु भिंतीचा आतला व बाहेरचा थर एकमेकांस सांधणारे लांब दगड मध्ये नसले, म्हणजे धक्क्यासरशी थर विलग होतात आणि छप्पर निजलेल्या माणसांवर येते. १९९३ साली किल्लारीत हाच अनुभव पुन्हा आला.

त्या पहाटे कोयना धरणालाही तडे गेले. त्याची चिकित्सा मात्र तत्परतेने झाली व काँक्रीटचा आधार देऊन ते बळकट करण्यात आले. १९७३ साली अमेरिकेत चोप्रा व चक्रबर्ती या संशोधकांनी संगणकाच्या साहाय्याने धरणाच्या अंतर्भागातील ताणांचे गणित प्रसिद्ध केले. आज जगभरचे अभियंते अभ्यासासाठी कोयनेचा छेद पडद्यावर उघडून पाहतात. धरणाचे पोट असे जगाला दिसते. पाटणच्या शेतकऱ्याला किंवा सांगलीच्या भाडेकरूला स्वतःच्या घराच्या भिंतीत काय आहे, हे मात्र ठाऊक नसते.

हे अज्ञान आता अटळ राहिलेले नाही. इमारत उभी राहण्यापूर्वीच ती संगणकावर रचता येते. पाया, कॉलम, बीम, सळया, नळ व विजेच्या तारा थराथराने सोलून, फिरवून पाहता येतात. साध्या मोबाइलवरही हे चित्र उघडते. प्रश्न मालकीचा आहे. ग्राहकाला दाखवले जाते ते सजवलेले दिवाणखान्याचे चित्र. सळयांचे चित्र कंत्राटदाराच्या कपाटात राहते.

कायदा येथे अर्ध्या वाटेवर थांबतो. २०१६ च्या स्थावर संपदा कायद्याने मंजूर नकाशे जाहीर करणे बंधनकारक केले आणि बांधकामातील दोषांची जबाबदारी ताबा दिल्यापासून पाच वर्षे विकासकावर टाकली. पण पाचशे चौरस मीटरपर्यंतच्या भूखंडावरील किंवा आठपर्यंत सदनिकांच्या प्रकल्पांना नोंदणीतून सूट आहे. कराड, वाई, विटा, तासगाव यांसारख्या गावांतील लहान इमारती यातून सहज निसटतात. शिवाय आत काय घातले, याची नोंदच हाती नसेल तर रहिवाशाने दोष सिद्ध कसा करावा? लंडनच्या ग्रेनफेल टॉवरच्या आगीत २०१७ साली ७२ बळी गेले, तेव्हा इंग्लंडने २०२२ च्या कायद्याने उंच निवासी इमारतींची अशी संगणकीय नोंद ठेवणे सक्तीचे केले. आपणही बळींची वाटच पाहावयाची काय?

केवळ चित्राने इमारत भक्कम होत नाही, हा आक्षेप रास्त आहे. पडद्यावरची सळई कॉलममध्ये उतरली की नाही, हे काँक्रीट ओतल्यावर कळत नाही. म्हणूनच प्रत्येक स्लॅब भरण्यापूर्वीची छायाचित्रे त्या नोंदीस जोडली पाहिजेत. आणि हे चित्र सर्वप्रथम सळया बांधणाऱ्या फिटरच्या हाती, मराठीतून, दिले पाहिजे. कॉलम-बीमच्या सांध्याजवळ रिंगा दाट का हव्यात, त्यांची टोके आत का वळवावयाची, हे ज्याला डोळ्यांनी दिसले, तो काम चुकवण्याच्या हुकमाला प्रश्न विचारू शकेल. बांधकामखर्चावर एक टक्का उपकर कामगारकल्याणासाठी वसूल होतोच. त्यातून हे शिक्षण देता येईल.

आरंभ जिल्हा परिषदेच्या शाळांपासून आणि सरकारी घरकुलांपासून व्हावा. कराडचे शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय व सांगलीचे वालचंद महाविद्यालय यांचे विद्यार्थी हे काम अंगावर घेऊ शकतील. बांधकाम परवानगीबरोबर अंतर्भागाचा आराखडा नगरपालिकेत दाखल व्हावा आणि त्याची प्रत प्रत्येक रहिवाशाला विनामूल्य मिळावी, ही मागणी कार्यकर्त्यांनी प्रभागसभांतून व ग्रामसभांतून लावून धरली पाहिजे. ज्या छपराखाली मुले निजतात त्याच्या आत काय आहे, हे जाणण्याचा अधिकार कोणाच्या मेहरबानीवर सोडता येणार नाही.