हिराबाईंचं नाटक कुणी वाचलंय का?

हिराबाई पेडणेकर हे नाव निघालं की नाटकवेड्या मंडळींच्या गप्पा एकाच वळणावर जातात. अमका नाटककार तिच्यावर भाळला होता म्हणे, तमका तिच्या माडीवर जायचा म्हणे. नाटककार पुरुष असला की 'ते', हिराबाई मात्र 'ती'. बरं, तिने लिहिलं काय? इथे सगळे गप्प!

आपण आयटीवाले कोड रिव्ह्यू करताना लिहिणारीची लफडी विचारतो का? कोड चालतोय की नाही, एवढंच बघतो ना? मग इथेच काय होतं आपल्याला?

तर आधी कामाचं बोलू. सावंतवाडीला १८८५ साली कलावंतिणीच्या घरात जन्म. भास्करबुवा बखल्यांकडे गाण्याची तालीम. १९०४ साली, म्हणजे एकोणिसाव्या वर्षाच्या आसपास, 'जयद्रथ विडंबन' हे नाटक. मग 'संगीत दामिनी'. ते १९१२ मध्ये केशवराव भोसल्यांच्या ललितकलादर्शने रंगभूमीवर आणलं. तेव्हा बायकांची कामं पुरुष करायचे. म्हणजे बाईने लिहिलेले बाईचे संवाद पुरुषाच्या तोंडी!

मी संगमनेरचा. आमच्या गावचे शाहीर अनंत फंदी (१७४४-१८१९) तमाशात डफ वाजवायचे. अहिल्याबाई होळकरांनी कान उघडणी केली, तेव्हा डफ फोडून ते कीर्तनाला लागले, अशी आख्यायिका आहे. आज त्यांचा फटका आम्हाला पाठ, त्यांच्या नावाने गावात व्याख्यानमाला. छानच आहे, मला अभिमान आहे. पण फंदींना तमाशातून कीर्तनात जायला दार होतं. हिराबाईंनी तर थेट नाटक लिहून दाखवलं, तरी त्यांच्या नावामागची माडी काही सुटली नाही. पुढे लेखन थांबलं. गुहागरजवळ पालशेतला त्या जाऊन राहिल्या आणि १९५१ साली वारल्या.

कुणी म्हणेल, अहो, तिच्या आयुष्यातच केवढं नाट्य आहे! आहेच की. वसंत कानेटकरांनी त्यावर 'कस्तुरीमृग' लिहिलं. पण हेच तर माझं भांडण आहे. त्यांच्यावरचं नाटक आपल्याला ठाऊक, त्यांचं नाटक ठाऊक नाही.

दुसरा वाद 'पहिली कोण' याचा. सोनाबाई केरकरांचं 'छत्रपती संभाजी' १८९६ चं, म्हणजे हिराबाई पहिल्या नव्हेतच. ठीक. पण नंबर गेला म्हणून नाटकही गेलं का? आणि सोनाबाईंचं तरी कुणी वाचलंय?

'दामिनी' थोर आहे असा माझा दावा नाही. कदाचित कंटाळवाणंही वाटेल. पण वाचून कंटाळा की राव! एकांकिका स्पर्धांसाठी रात्र रात्र जागणाऱ्या दोस्तांनो, एकदा वाचनालयात जाऊन 'दामिनी' मागा, चार जण बसून मोठ्याने वाचा. आवडलं नाही तर खुशाल शिव्या घाला. पण शिव्या नाटकाला घाला, बाईच्या चारित्र्याला नकोत.