स्टॉल मांडण्याआधी गिऱ्हाईक ओळखा

बडोद्याची नोकरी सोडावी लागल्यावर बाबासाहेबांनी मुंबईत शेअर्सच्या व्यापाऱ्यांना सल्ला देणारी कंपनी काढली होती. सल्लागाराची जात कळताच गिऱ्हाईक येईनासे झाले व कंपनी बंद पडली. माल उत्तम असून भागत नाही. बाजाराचा दरवाजा कोणाच्या हाती आहे, हा खरा प्रश्न आहे.

हाच प्रश्न घेऊन मिलिंद कांबळे यांनी २००५ साली पुण्यात 'डिक्की' स्थापन केली. २०१० साली याच शहरात दलित उद्योजकांचे प्रदर्शन भरले. आज आमचे तरुण ठिकठिकाणी स्टॉल घेतात, याचा आम्हाला अभिमान आहे. पण स्टॉल कोठे घ्यावा, याचा विचार होतो काय?

आमचा एक अशील भोसरीत यंत्रांचे सुटे भाग बनवतो. त्याने सणासुदीच्या ग्राहक प्रदर्शनात पदरमोड करून स्टॉल घेतला. चार दिवस पत्रके वाटली, ऑर्डर एकही नाही. शेजारच्या बचत गटाचा मसाला मात्र दुसऱ्याच दिवशी संपला! दोष मालाचा नव्हता, जागेची निवड चुकली.

प्रदर्शनात घरगुती ग्राहक येतो, वस्तू हाताळतो, रोख देतो. मसाले, कपडे, चामड्याच्या वस्तू बनवणाऱ्या भगिनींनी भीमथडी जत्रेसारखी ठिकाणे गाठावीत. ट्रेड शोमध्ये कारखान्यांचे खरेदी अधिकारी व वितरक येतात. ते नमुना, दर आणि उत्पादनक्षमता विचारतात. ऑर्डर उशिरा येते, पण आली तर वर्षभर काम देते.

येथे कायदा आमच्या बाजूने आहे. २०१२ च्या सार्वजनिक खरेदी धोरणानुसार केंद्राची खाती व सार्वजनिक उपक्रम यांनी वार्षिक खरेदीपैकी ४ टक्के खरेदी अनुसूचित जाती-जमातींच्या सूक्ष्म व लघु उद्योगांकडून करावयाची आहे. निविदेच्या अनामत रकमेतूनही सूट आहे. पण 'पुरवठादारच मिळत नाहीत' ही सबब तयार असते. ती मोडून काढण्याची जागा म्हणजे ट्रेड शो! तेथे समोर उभ्या असलेल्या उद्योजकाला 'नाही' कसे म्हणणार?

मात्र जाताना नमुने आणि दरपत्रकासोबत उद्यम नोंदणी व जातीचा दाखला न्यावा. १९९० च्या दुरुस्तीने बौद्धांनाही केंद्रात अनुसूचित जातीचा दर्जा मिळाला आहे. त्यासाठी दाखला केंद्राच्या नमुन्यातील हवा. या एका कागदासाठी हातची ऑर्डर घालवू नका.

आम्ही कोणाकडे दया मागत नाही. आमचा माल पारखून घ्या, एवढेच आमचे म्हणणे आहे. पण त्यासाठी तो पारखणाऱ्याच्या समोर न्यावा लागेल, आणि ते काम आमचे आम्हालाच करावे लागेल.