पोटासाठीच. बरं, आणि पुढं?

परवा हिंजवडीच्या चौकात चहाच्या टपरीवर एका शिकल्यासवरल्या दोस्ताशी माझं वाजलं. दोस्त इथंच कंपनीत कॉम्प्युटरवर बसतो, बोलतो झकास. म्हणाला, "तुमच्या पलटणीचं काय कौतुक सांगता? तुमचे बापजादे इंग्रजांच्या पगारावर लढले. पोटासाठी. आजची पोरंही पोटासाठीच भरती होतात. निष्ठा कसली त्यात?"

पोटासाठी? हो, पोटासाठी. ज्याला पोट नाही असा शिपाई आणून दाखवा. पेशव्यांचे सरदार काय उपाशी लढत होते? जहागीर खाऊन लढला तो निष्ठावंत, आणि महिन्याचा पगार घेऊन लढला तो भाडोत्री. हा हिशेब कुणाच्या वहीतला, ते आम्हाला कळतं.

पण तिथं मला नीट उत्तर देता आलं नाही. मी पुठ्ठ्याच्या मिलमधला कामगार. शाळा दहावीत सुटली, वाचलं ते रात्रपाळीत मशीन बंद पडलं की. उत्तर घरी येताना सुचतं. म्हणून इथं लिहितोय.

पोटासाठी माणूस भरती होतो, मान्य. पण मग चोवीस वर्षं टिकतो कसा? आणि परत आल्यावर दुसऱ्यांची पोरं शिकवत का बसतो? त्याचा पगार तर कुणी देत नाही.

आमच्या वस्तीत एक हवालदार आहेत. सगळे त्यांना मामा म्हणतात. महार रेजिमेंटमधनं पेन्शनीत आले. आता रात्री बारा तास एका कंपनीच्या गेटवर उभे राहतात, पोरगेल्या साहेबाच्या गाडीला सलाम ठोकतात. ड्युटी सुटली की घरी जात नाहीत. कंपन्यांच्या बसगाड्या सुरू व्हायच्या आत माणच्या रस्त्यावर दहाबारा पोरं पळवतात. सोळाशे मीटर. मग बीम, मग खंदकाची उडी. फी नाही. उलट एखाद्याला केळी स्वतःच्या खिशातनं.

मी विचारलं, "मामा, कशासाठी हे?"

म्हणाले, "सागरला ट्रेनिंगला गेलो तेव्हा मला बूट घालता येत नव्हते. घरात चप्पल होती, तीबी बापाची. उस्ताद आला, शिवी हासडली आणि माझ्या पायाशी खाली बसला. नाडी बांधून दाखवली, सोडली, म्हणला आता तू बांध. गावात आमच्या पायाशी कोण बसलं होतं रे? आमची सावली चुकवायचे."

एवढंच बोलले आणि शिट्टी फुंकली.

दोस्ता, तुझ्या हिशेबात ही नाडी कुठं धरणार?

आणि ही आजची गोष्ट नव्हे. गोपाळबाबा वलंगकर कोण होते? पलटणीतले हवालदार. 1886 साली पेन्शन घेऊन दापोलीला आले. गप पडून राहिले असते तर कुणी काही म्हणालं नसतं. त्यांनी 1888 साली 'विटाळ विध्वंसन' छापलं, शास्त्र्यांना सवाल केले, वर्तमानपत्रांत लिहिलं. सुभेदार रामजी सकपाळ पलटणीच्या शाळेत चौदा वर्षं हेडमास्तर. लष्करात शिपायांच्या पोरापोरींना शाळा सक्तीची होती. गावची शाळा आम्हाला दारात उभं करत नव्हती त्या काळात! त्या हेडमास्तरच्या घरी महूच्या छावणीत 1891 साली कोण जन्मलं, ते मी सांगायला नको.

पुढं सरकारला साक्षात्कार झाला की आम्ही लढाऊ जात नाही. 1892 च्या सुमारास आमची भरती बंद. कोरेगावच्या खांबावरच्या 49 नावांत 22 नावं आमची, तरी लढाऊ नाही! वलंगकरांनी 1894 साली विनंतीपत्र लिहिलं. 1910 साली शिवराम जानबा कांबळ्यांनी थेट विलायतेच्या मंत्र्याकडं अर्ज धाडला. महायुद्धात माणसं कमी पडली तेव्हा 1917 साली 111 महार पलटण उभी केली, गरज सरल्यावर 1921 साली मोडली. बाबासाहेब 1941 साली संरक्षण सल्लागार समितीवर गेले आणि त्याच वर्षी 1 ऑक्टोबरला बेळगावात महार रेजिमेंट उभी राहिली. पन्नास वर्षं लोक अर्ज करत होते ते काय नुसत्या भाकरीसाठी? भाकरीसाठी मुंबईच्या गिरण्या होत्या, गोदी होती. अर्ज होता तो हुद्द्यासाठी, शाळेसाठी, दुसऱ्याला शिकवता येईल अशा जागेसाठी.

आपल्याही माणसांना एक सांगायचंय, रागवा हवं तर. 1 जानेवारीला कोरेगावला आपण लाखांनी जातो. जावं. बाबासाहेब 1927 ला गेले होते. पण मेलेल्यांना सलामी देतो आणि पहाटे माणच्या रस्त्यावर शिट्टी फुंकणाऱ्याला साधं घड्याळ घेऊन देत नाही. मामा अजून मोबाईलवर टायमिंग लावतात, काच तडकलेली.

आणि सरकारनं 2022 साली काय काढलं? अग्निपथ. चार वर्षं नोकरी, शंभरातले फार तर पंचवीस ठेवायचे, बाकीच्यांना एकरकमी पैसे देऊन घरी. पेन्शन नाही. पैशाचं गणित करणाऱ्यांनी करावं. मी विचारतो ते वेगळंच. चार वर्षांत हवालदार होतो का? उस्ताद होतो का? स्वतःची नाडी बांधायला शिकेपर्यंत चिठ्ठी हातात. आमच्या वस्त्यांत मास्तर आले ते पेन्शनीतनं आले. वीस-वीस वर्षं शिजलेली माणसं ती. अर्धकच्ची माणसं परत पाठवाल तर ती थेट गेटवर उभी राहतील, आणि सकाळी सरळ घरी जाऊन झोपतील. त्यांचा काय दोष?

माझा धाकटा भाऊ याच भरतीला पळतोय. मी नको म्हणालो. म्हणाला, "दादा, तुझ्या मिलमध्ये तरी काय परमनंट आहे?" मी गप्प.

आज पाळी सुटल्यावर मुद्दाम त्या रस्त्यानं आलो. भाऊ पळत होता, बुटाची नाडी लोंबत होती. मामांनी त्याला थांबवलं. गार्डचा निळा शर्ट अंगात तसाच, गुडघा धरून हळूहळू खाली बसले.