रानवाट कोणाची?

भिलाईच्या पोलाद कारखान्यातील कामगाराला, "सुट्टीच्या दिवशी जंगलात पायी हिंडावयास चला," असे सुचविले की बहुधा दोन प्रकारची उत्तरे मिळतात. पहिले उत्तर असे : "एवढी फुरसत आहे कोणाला?" दुसरे उत्तर काही वेळा आपल्या पक्षसभासदांकडूनच येते : "निसर्गसौंदर्य हा मध्यमवर्गीयांचा छंद आहे; कामगार चळवळीला त्याचे काय?" पहिले उत्तर खरे आहे आणि गंभीरही आहे. दुसरे मात्र साफ चुकीचे आहे. फुरसत कोणाच्या ताब्यात आहे आणि जंगल कोणाच्या ताब्यात आहे हे दोन वेगळे प्रश्न नाहीत, एकच प्रश्न आहे, हे येथे मांडावयाचे आहे.

पदभ्रमणाचा इतिहास कामगारांचा आहे

डोंगरदऱ्यांतून पायी हिंडणे हा श्रीमंतांचा शोध आहे असे मानणाऱ्यांनी इतिहास पाहावा. 1895 साली व्हिएन्ना येथे एक शाळामास्तर, एक लोहार आणि एक विद्यार्थी अशा तीन समाजवाद्यांच्या पुढाकाराने "निसर्गमित्र" ही कामगारांची संघटना जन्मास आली. गिरणीच्या धुरातून कामगाराला रविवारी डोंगरावर नेणे हे तिचे काम. तिच्या सभासदांचे परस्परांना अभिवादनच "डोंगर मुक्त!" असे होते. 1933 मध्ये जर्मनीत सत्तेवर येताच नाझींनी या संघटनेवर बंदी घातली. फॅसिस्टांना ती निरुपद्रवी छंदिष्टांची टोळी वाटली नाही, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

24 एप्रिल 1932 रोजी इंग्लंडमध्ये मँचेस्टर आणि शेफील्ड येथील शेकडो तरुण कामगार किंडर स्काउट नावाच्या पठारावर मनाई मोडून चढले. हे पठार जमीनदारांनी पक्ष्यांच्या शिकारीसाठी राखून ठेवले होते. वर्षातले मोजके दिवस काही बड्या मंडळींनी तेथे बंदुका उडवाव्यात आणि उरलेले सर्व दिवस राखणदारांनी कामगारांना हाकलावे, असा रिवाज. मोर्चाचा पुढारी बेनी रॉथमन हा विशीतला बेकार तरुण कम्युनिस्ट युवक संघाचा कार्यकर्ता होता. तो धरून पाच जणांना तुरुंगवास झाला. परंतु 1949 मध्ये ब्रिटिश पार्लमेंटला राष्ट्रीय उद्याने व ग्रामीण भागातील प्रवेश यांविषयीचा कायदा करावा लागला. "येथून चालावयाचे नाही" या पाटीमागे मालकी हक्क उभा असतो, हे त्या तरुणांनी पायांनी सिद्ध केले.

चालणे हाच गुन्हा

आपल्या देशात ही पाटी साहेबाने लावली आणि स्वातंत्र्यानंतरही ती उतरली नाही. 1878 च्या वन कायद्याने जंगलांचे मोठमोठे पट्टे राखीव झाले. 1927 च्या भारतीय वन कायद्याच्या 26 व्या कलमाने राखीव जंगलातील अनधिकृत प्रवेश आणि गुरे चारणे हे गुन्हे ठरविले. ज्या वाटा आदिवासींच्या पायांनी पाडल्या, त्या वाटांवर तेच अतिक्रमक ठरले.

1842 मध्ये तरुण मार्क्सने ऱ्हाईन प्रांतातील लाकूडचोरीच्या कायद्यावर लेख लिहिले होते. गरिबांनी वनात गळून पडलेला काटक्याकुटक्यांचा सरपण वेचणे ही तेथे चोरी ठरविली जात होती. आर्थिक प्रश्नांच्या अभ्यासाकडे आपण प्रथम वळलो ते या प्रकरणामुळे, असे त्यानेच पुढे 1859 मध्ये नमूद केले. म्हणजे मार्क्सवादाची एक वाट जंगलातूनच निघाली आहे.

बस्तरमध्ये 1910 च्या भूमकालामागे जंगल राखीव करण्याचा संताप होता. 1930 मध्ये पुसदपासून चिरनेरपर्यंत महाराष्ट्रात जंगल सत्याग्रह झाले आणि चिरनेरला 25 सप्टेंबर रोजी गोळीबारात सत्याग्रही मारले गेले. जानेवारी 1939 मध्ये राजनांदगाव परिसरातील बदराटोला येथे रामाधीन गोंड हा तरुण जंगल सत्याग्रहात पोलिसांच्या गोळीला बळी पडला. राजनांदगाव भिलाईहून काही दूर नाही. 2006 च्या वनाधिकार कायद्याने हा "ऐतिहासिक अन्याय" प्रथमच मान्य केला आणि सामूहिक वनाचे रक्षण व व्यवस्थापन करण्याचा हक्क ग्रामसभेला दिला. गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) या गावाने 2009 मध्ये तो मिळवून दाखविला. परंतु 2023 मध्ये वनसंरक्षण कायद्यात केलेल्या दुरुस्तीने उद्योग आणि प्रकल्पांसाठी पळवाटा रुंद झाल्या. पायवाट अरुंद आणि पळवाट रुंद, असा हा न्याय आहे!

भिलाईचे पोलाद आणि राजहऱ्याचा डोंगर

भिलाईविषयी आपल्याला अभिमान आहे आणि तो योग्यच आहे. 2 फेब्रुवारी 1955 रोजी सोव्हिएत संघाशी करार झाला आणि अवघ्या चार वर्षांत, 4 फेब्रुवारी 1959 रोजी, पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. साम्राज्यवादी देश भारताला पोलाद विकू पाहत होते; सोव्हिएत कामगारांनी पोलाद बनविण्याची विद्या दिली. त्या मैत्रीची खूण म्हणून 1972 मध्ये मैत्रीबाग उभी राहिली. आजही सुट्टीच्या दिवशी कामगार मुलांना घेऊन तेथे वाघ दाखवावयास जातो. यात काही वावगे नाही. ती बाग त्याच्यासाठीच आहे.

परंतु भट्टीत पडणारे खनिज येते कोठून? ते दल्ली राजहऱ्याच्या डोंगरातून येते. कारखान्याला पाणी पुरविणारा तांदुळा जलाशय बालोदजवळ आहे. दुर्गहून निघणारी गाडी मरोदा, गुंडरदेही, बालोद अशी स्थानके घेत दल्ली राजहऱ्यास पोहोचते. आधी भाताची सपाट खाचरे, मग बालोदच्या पुढे चढ आणि झाडी. ज्या रुळांवरून डोंगर फोडून भिलाईकडे आणला जातो, त्याच रुळांवरून कामगाराने एकदा उलट दिशेने जावे आणि स्थानकावर उतरून पायी निघावे.

त्याला काय दिसेल? महाराष्ट्रातून आलेल्या कामगाराला अनेक झाडे ओळखीची निघतील. येथला साजा म्हणजे आपला ऐन, बिजा म्हणजे बिबळा, हर्रा म्हणजे हिरडा, महुआ म्हणजे मोह. उन्हाळ्यात तेंदूची पाने खुडून त्यांचे पुडे बांधणाऱ्या बाया दिसतील. सिन्नरची किंवा गोंदियाची विडी कामगारीण याच पानांवर जगत आली आहे. आणखी दक्षिणेस गेले की सरईचे, म्हणजे सालवृक्षाचे, उंच, सावलीचे वन लागते. सालाचे बी पावसाच्या तोंडाशी पडते आणि काही दिवसांतच रुजले नाही तर मरते. रोपवाटिकेत साल वाढविणे म्हणूनच अवघड असते. सालवन हे प्रामुख्याने स्वतःच्या बियांतून, स्वतःच्या मुळांतून, शतकानुशतके उभे राहते.

ही वनस्पतीशास्त्राची किरकोळ बाब नव्हे. खाणीसाठी तोडलेल्या वनाच्या मोबदल्यात "पर्यायी वृक्षलागवड" केली की हिशेब मिटला, असे सरकार सांगते. पण सालवनाचा मोबदला निलगिरीच्या रांगांनी देता येत नाही, हे जो त्या वनात दोन तास चालला आहे त्याला कागद न वाचता कळते. 1970 च्या दशकात जागतिक बँकेच्या साह्याने बस्तरमधील सालवन तोडून तेथे कागदाच्या लगद्यासाठी पाइन लावण्याची योजना आखली गेली होती. आदिवासींच्या विरोधापुढे ती गुंडाळावी लागली. तज्ज्ञांच्या आधी ते का विरोध करू शकले? ते त्या वनात रोज चालत होते म्हणून.

आता राजहऱ्याचे खनिज सरत आले आणि दृष्टी रावघाटच्या डोंगरांकडे वळली आहे. रेल्वे भानुप्रतापपूर, अंतागढ असे टप्पे घेत 2023 मध्ये तारोकीपर्यंत पोहोचली. येथे भिलाईच्या कामगारापुढे खरा पेच उभा राहतो. त्याला सांगितले जाते की रावघाट नाही तर भट्टी नाही आणि भट्टी नाही तर भाकरी नाही. आदिवासीला सांगितले जाते की तुझे जंगल कामगारासाठी जात आहे. दोघांची गाठ पडत नाही, तोवर ही दोन्ही वाक्ये बोलणारा सुखरूप असतो. रावघाटविषयीचा निर्णय ग्रामसभांच्या खऱ्याखुऱ्या संमतीवाचून होता कामा नये, ही मागणी भिलाईच्या कामगार संघटनांच्या मागणीपत्रात का असू नये?

याबाबतीत राजहऱ्याच्या खाणकामगारांनी पूर्वीच धडा दिला आहे. शंकर गुहा नियोगी आपल्या पक्षाचे नव्हते. त्यांच्याशी आपले मतभेद होते. परंतु त्यांच्या नेतृत्वाखालील संघटनेने 1980 च्या दशकात "आपले जंगल ओळखा" ही मोहीम काढली, हे आपण मोकळेपणाने मान्य केले पाहिजे. खाण खोदणारा कामगारच जंगलाचा जाणकार झाला पाहिजे, हा त्यामागील विचार अस्सल कामगारवर्गीय होता.

फुरसतीचा प्रश्न

आता पहिल्या उत्तराकडे वळू. "फुरसत कोणाला?" आठ तास काम, आठ तास विश्रांती आणि आठ तास स्वतःचे, ही मागणी 1886 च्या मे दिनाच्या लढ्यापासून जगभर गाजली. तिसरे आठ तास हे सर्वांत सहज हिरावले जातात. भिलाईत कायम कामगार घटत गेला आणि ठेकेदारी कामगार वाढत गेला. कायम कामगाराची सुट्टी पगारी असते. ठेकेदाराच्या कामगाराने सुट्टी घेतली की रोजी बुडते. एकाच भट्टीपुढे घाम गाळणाऱ्या दोघांपैकी एकाला रानात जाता येते आणि दुसऱ्याला येत नाही. 21 नोव्हेंबर 2025 पासून अमलात आलेल्या श्रमसंहितांनी मालकांचे हात अधिकच मोकळे केले आहेत. म्हणून सुट्टीचा दिवस, ती पगारी असणे आणि ठेकेदारी बंद होणे या मागण्यांखेरीज पदभ्रमणाच्या गोष्टी करणे म्हणजे उपाशी माणसाला पक्वान्नाचे वर्णन ऐकविणे होय.

उलट, जंगल जेव्हा "पर्यटन" म्हणून विकले जाते तेव्हा काय होते? कुंपण पडते, तिकीट लागते, विश्रामगृहाच्या एका रात्रीचे भाडे ठेकेदारी कामगाराच्या कित्येक दिवसांच्या रोजीइतके होते आणि तेथला आदिवासी पाहुण्यांपुढे नाचावयास उभा केला जातो. हे पदभ्रमण नव्हे, हा बाजार आहे.

पक्षसभासदांनी काय करावे

ऑक्टोबर 2021 मध्ये हसदेव अरण्यातील आदिवासी सुमारे 300 किलोमीटर पायी चालत रायपूरला आले. आमच्या ग्रामसभांच्या नावावर खोटी संमती दाखविली गेली, ही त्यांची तक्रार होती. त्याच महिन्यात परसा कोळसा खाणीला अंतिम वनमंजुरी देण्यात आली. मार्च 2018 मध्ये वनजमिनीचा हक्क मागणारे हजारो आदिवासी शेतकरी नाशिकहून सुमारे 180 किलोमीटर चालून मुंबईला आले आणि त्यांच्या सोललेल्या तळव्यांनी शहराला हलविले. जंगल शहराकडे चालत येते ते असे. शहरातील कामगार जंगलाकडे कधी चालत जाणार?

1945 मध्ये वारल्यांत संघटना बांधताना शामराव आणि गोदावरी परुळेकर पाड्यापाड्यांतून पायी हिंडले. मोटारीने गेलेल्या कार्यकर्त्याला सभा मिळते. पायी गेलेल्याला माणसे मिळतात. भिलाईतील आणि अन्यत्रच्या शाखांनी वर्षातून निदान दोनदा कायम व ठेकेदारी कामगारांना, त्यांच्या बायकामुलांसह, रानात पायी नेले पाहिजे. ग्रामसभेला आधी विचारावे, पाहुणे म्हणून जावे, आपली शिदोरी आपण न्यावी, झाडांची नावे गावच्या म्हाताऱ्या बायांकडून शिकावीत आणि परतताना गावाचा वनहक्क दावा कोठे अडकला आहे हे लिहून आणावे. ते टिपण युनियनच्या पुढच्या बैठकीत वाचले जावे.

रानाचे सौंदर्य पाहून कामगाराचे डोळे निवले तर त्यात लाजण्यासारखे काही नाही. तो त्याचा हक्कच आहे. ते सौंदर्य ज्यांनी राखले त्यांचा हात हाती घेतल्याशिवाय मात्र तो हक्क टिकणार नाही.