तलाक झाला, हप्ता राहिला

निकाह तुटला की मेहर आणि इद्दतीच्या खर्चाची चर्चा होते; जॉइंट खात्याची कोणी करत नाही. 'दोघांपैकी कोणीही' अशी सूचना असलेल्या खात्यातून एकटा माणूस सगळी रक्कम काढू शकतो. कर्जावर दोघांची सही असेल, तर पूर्ण थकबाकी बँक कोणाही एकाकडून मागू शकते. १८७२च्या करार कायद्याचे कलम ४३ तेच सांगते. जमातीसमोर 'देणेघेणे संपले' असे लिहून घेतले, तरी बँकेवर ते बंधनकारक नाही. म्हणून वेगळे राहू लागताच बँकेला लेखी कळवा, पोच घ्या. उधारी लिहून ठेवा, असे सूरह बकराची आयत २८२ बजावते. मुलींना आपण कुरआन वाचायला शिकवतो; सहीआधी कागद वाचायलाही शिकवू या.