ओढ दोन चाकांची कीं चारींची ?

पावसाळा तोंडावर आला म्हणजे दिघी-भोसरीकडील नवी गाडी घेऊं पाहणाऱ्या घरांतून एक चर्चा हटकून निघते. घरांत वडील मंडळी, दोघे भाऊ, सुना व मुलें; पावसाळ्यांत माळशेज किंवा ताम्हिणी घाटानें कोकणांत कुलदैवतास जावयाचें; तेव्हां डिझेलची लहान हॅचबॅक पुरेल, कीं चारही चाकांना ओढ देणारी, म्हणजे फोर-व्हील ड्राइव्हची, मोठी गाडी घ्यावी ? धाकटे चिरंजीव म्हणतात, "चारी चाकें ओढणारीं असलीं म्हणजे घाटांत भय नाहीं." या एका वाक्यांत किती खरें व किती खोटें, तें आज पाहूं.

बहुतेक हॅचबॅकमध्यें इंजिनाची शक्ति पुढच्या दोन चाकांसच मिळते. पिंपरी-चिंचवडच्या कारखान्यांत तयार होऊन १९९८ सालीं बाजारांत आलेली टाटांची इंडिका अशीच होती. जानेवारी २०२० मध्यें आलेली आल्ट्रोजही तशीच आहे. यांत काटकसर आहे, तशी युक्तीही आहे. इंजिन व गिअरबॉक्स यांचा भार पुढच्या चाकांवर पडतो, आणि जेथें भार तेथें पकड. मागें शक्ति नेणारा लांब दांडा लागत नाहीं. त्यामुळें वजन कमी राहतें आणि डिझेलही वांचतें.

या रचनेचें उणेंही सांगितलें पाहिजे. चढावर गाडीचा भार मागें सरकतो. मागच्या बाकावर तिघें व डिकींत सामान असेल तर अधिकच. ओल्या मातीच्या चढावर मग पुढचीं चाकें जागच्या जागीं फिरूं लागतात. डिझेल इंजिनाचा जोर कमी फेऱ्यांतच मिळतो; आल्ट्रोजचें दीड लिटरचें इंजिन २०० न्यूटन-मीटरचा पीळ देतें. म्हणून अशा जागीं पाय हलका ठेवावा. लहानसा निसरडा चढ असेल, मागें वाट मोकळी असेल आणि खालीं उतरून वाट दाखविणारा माणूस असेल, तर गाडी उलटी फिरवून रिव्हर्समध्यें चढवून पाहावी. भार ओढणाऱ्या चाकांवर येतो आणि पुष्कळदां काम होतें.

चारी चाकांची ओढ शोभते ती जेथें रस्ताच नाहीं तेथें. आपल्या दिघीजवळच, आळंदी रस्त्यावर, संरक्षण खात्याची अभियांत्रिकी संशोधन संस्था आहे. तिनें लष्करासाठीं आंखलेला 'सर्वत्र' हा फिरता पूल आठचाकी ट्रकांवरून नेतात, आणि त्या ट्रकांचीं आठही चाकें ओढणारीं असतात. नदीकांठचा चिखल तुडवावयाचा, तेथें दुसरा उपाय नाहीं. इटलीच्या फियाटनें १९८३ सालीं पांडा या लहान हॅचबॅकला चारी चाकांची ओढ दिली, ती आल्प्सच्या बर्फासाठीं. पुढें तिच्यांत १.३ लिटरचें मल्टिजेट डिझेल इंजिनही बसलें. त्याच घराण्याचें इंजिन रांजणगांवीं तयार होऊन आपल्या इंडिका व्हिस्टांतही आलें. पण येथें ओढ दोन चाकांचीच राहिली, कारण येथें बर्फ नाहीं, ओलें डांबर आहे.

आतां मूळ मुद्द्याकडे वळूं. घाटांत अपघात होतात ते बहुधा गाडी चढत नाहीं म्हणून नव्हे, थांबत नाहीं म्हणून. आणि थांबविण्यास चारी चाकांची ओढ काडीचीही मदत करीत नाहीं. ब्रेक तर प्रत्येक गाडीला चारही चाकांस असतात. उतारावर ब्रेक दाबला, कीं उरतो तो टायरचा व रस्त्याचा संबंध. तेथें दोन ओढींचा भेद संपतो. उलट, चारी चाकांच्या गाडीला निसरडें जाणवतें उशिरां. ती सहज वेग घेते, आणि चालविणाराचा धीर अवास्तव वाढतो. फरशीपुलावरून पाणी वाहत असतांही हाच धीर घात करतो. फूट-दीड फूट वाहतें पाणी गाडीला उचलूं लागलें, म्हणजे ओढ कितीहि चाकांची असो, जमिनीलाच चाक लागत नाहीं.

तेव्हां निवाडा असा. मावळांत किंवा खेड तालुक्यांत शेत असेल, पक्का रस्ता नसेल, आणि पावसाळ्यांत दर आठवड्यास तेथें जाणें असेल, तर चारी चाकांची गाडी खुशाल घ्यावी. चाकणला बनणाऱ्या स्कॉर्पिओ-एनसारखी. मात्र तिची ती ओढ कोरड्या डांबरावर लावूं नये. वळणावर पुढचीं व मागचीं चाकें निरनिराळें अंतर कापतात. दोन्ही आंस एकत्र जखडलेले असले तर यंत्रांत ताण सांठतो.

ज्यांचें जाणें-येणें आळंदी, चाकण व वर्षांतून दोनदां कोकण एवढेंच आहे, त्यांना हॅचबॅक पुरे. वांचलेल्या रकमेंतून टायर वेळच्या वेळीं बदलावे. कायद्यानें खांचेची खोली १.६ मिलिमीटरहून कमी चालत नाहीं. खांचेंतील उंचवटा रबराशीं समपातळींत आला, कीं ती मर्यादा आली असें समजावें. ओल्या रस्त्यासाठीं तर त्याही आधीं बदललेले बरे. चिरंजीवांनीं नव्या गाडीच्या माहितीपत्रकावर बोट ठेवण्यापूर्वीं घरच्या जुन्या गाडीच्या चारी टायरांवर एकदां हात फिरवून यावें. घरचीं आठ माणसें घाटांतून सुखरूप उतरावयाचीं आहेत तीं त्यांच्याच भरंवशावर.